नाटकाचा पेपर

"घरी बसून केलेली इंग्रजीची डिग्री म्हणजे बाळंतपणातला टाइमपास हो," मुख्याध्यापिका मुलाखतीत हसत म्हणाल्या. मग शर्वरीचा पाठ बघायला त्या आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

वर्गात नुसता गोंगाट. शर्वरीनं खडू उचलला. तेवढ्यात तिला आपले डिग्रीचे पेपर आठवले. सगळा अभ्यास तिनं लेकीला मांडीवर घेऊन, मोठ्यानं वाचत केला होता. गप्प झालं की पोर रडायची. समीक्षेचा पेपर सुरू झाला की ढाराढूर झोपायची, कवितेला हुंकार द्यायची, नाटकाला मात्र डोळे टक्क उघडे! मग शर्वरी राजाही व्हायची आणि चेटकीणही.

"मॅडम, इंग्रजी कळत नाही आम्हाला!" कुणीतरी ओरडलं.

"माझ्या लेकीला तरी कुठं कळायचं?" म्हणत ती पेपरातल्या नाटकामधला म्हातारा दरोडेखोर झाली आणि खोकत, लंगडत, इंग्रजीत गुरगुरत बाकांमधून फिरू लागली.

वर्ग चिडीचूप झाला. दरोडेखोरानं हवेतच एका पेटीचं झाकण उचललं आणि नेमकी घंटा झाली.

मुख्याध्यापिका ताडकन उठल्या. "सोमवारपासून रुजू व्हा. पण बाई, पेटीत काय होतं ते आत्ताच सांगून जा!"