वरच्या फळीवरचा डबा

काकांच्या कानात शिट्टी वाजायची आणि चालताना तोल जायचा. कानाच्या डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आणि रोज ओट्याला धरून टाचा उचलायचा व्यायाम दिला. महिन्याभरात फरक पडला नाही, तर एकट्याने बाहेर फिरणं बंद.

जन्मभर पायी टपाल वाटलेले काका घरी येऊन म्हणाले, "आता या वयात मी कवायत करू होय?"

काकूंनी वाद घातला नाही. खाऱ्या दाण्यांचा डबा तेवढा वरच्या फळीवर ठेवला.

दुपारी काकूंचा डोळा लागला की काका ओट्याला धरून टाचा उचलत आणि डब्यात हात घालत. एका वेळी दोन-तीनच दाणे बोटांना लागत, म्हणून पुन्हा पुन्हा टाचा उचलाव्या लागत. दाणे हल्ली अळणी लागत होते, पण तक्रार करायचीही चोरी.

महिन्याने डॉक्टर खूश झाले. "तोल छान सुधारलाय. फिरा खुशाल. व्यायाम चुकवला नाहीत ना?"

"एक दिवसही नाही," काका काकूंकडे न बघता म्हणाले.



घरी आल्यावर काकूंनी डबा पुन्हा बिनमिठाच्या दाण्यांनी भरला आणि फळीवर चार बोटं आणखी आत सरकवून ठेवला.