वाळुंजाची बेचकी

कॅनडातल्या आमच्या सस्कॅचवनच्या माळावर ओस्तापकाकांनी चाळीस विहिरींच्या जागा दाखवल्या, एकही कोरडी निघाली नाही. त्यांच्या हातातली वाळुंजाच्या फांदीची बेचकी जिथे वाकेल, तिथेच आम्ही डोळे झाकून खणायचो.

आज मात्र आमचं सगळं शेत तुडवूनही बेचकी हलली नाही.

"तुझी जमीन रुसलीय पोरी. चहा तरी पाज," काका हसले.

स्वयंपाकघरात पाऊल टाकताच बेचकी त्यांच्या हातात फिरली आणि माझ्या नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीवर वाकली. काकांनी ती दोनदा मागे ओढली, दोनदा ती तिथेच वाकली.

"मिरोन कुठंय?"

"ट्रक घेऊन पाणी आणायला गेलाय, नदीपलीकडं. सकाळीच."

छपरावरचा बर्फ वितळून खिडकीशी थेंब थेंब गळत होता. काकांनी तिकडं पाहिलं.

"पुलावरून गेलाय," त्यांनी हळूच विचारलं, "की नदीच्या बर्फावरून?"