तक्रारी शून्य

गॅसगळतीच्या तक्रार केंद्रात सकाळपासून एकही फोन वाजला नव्हता. साहेब खूश होते; ऑपरेटर मात्र एकमेकींची तोंडं बघत बसल्या होत्या. फोनची यंत्रणा सांभाळणारी तंत्रज्ञ वायरी तपासून थकली. सगळं ठीक होतं, मग घोडं अडलं कुठे? तेवढ्यात तिच्या आईचा मोबाइलवर फोन आला. “अगं, घरात गॅसचा वास सुटलाय. तुमच्याकडे चारदा फोन लावला, तुमची बाई ‘धन्यवाद’ म्हणून ठेवून देते!” “आई, विजेच्या बटणांना हात लावू नकोस, आधी बाहेर पड!” आईकडे गाडी पाठवायला सांगून तिने कालच लिहिलेली, आलेले कॉल आपोआप वळवणारी संगणकातली स्क्रिप्ट उघडली. ‘कॉल ऑपरेटरला द्या’ याच्या आधीच ‘धन्यवादचं रेकॉर्डिंग लावा, कॉल संपवा’ होतं. तिने ओळींचा क्रम बदलला. चाळीस फोन एकदम खणखणले. “हे एवढे कुठून आले?” साहेब गोंधळले. “सकाळपासून येतच होते, साहेब. मीच परत पाठवत होते.”