वजनाप्रमाणे हवा

"वजन सांगा. त्यावर टायर आणि हवा ठरते," सायकलच्या रिमला चिकटवायचे रेसचे टायर काढत मेकॅनिक म्हणाला.

शालनने तोंड उघडायच्या आत नवराच भर दुकानात ओरडला, "हिचं नव्वद! रुंद टायर लाव बाबा, नाहीतर रस्ता खचेल!" त्यांच्या सायकल क्लबची पोरं फिदीफिदी हसली. स्वतःचं मात्र त्याने पोट आत ओढून सत्तर सांगितलं आणि अरुंद टायरात बेताची हवा भरून घेतली. लग्नात सत्तर होतं, ते आजतागायत सत्तरच! त्या आत ओढलेल्या पोटाची शालनला शिसारी आली.

रविवारी रेसमध्ये पहिल्याच खड्ड्यात त्याचं मागचं चाक धाडकन आदळलं आणि टायर फाटला. चिकटवलेला टायर, रस्त्यात बदलता येईना. मागून शालन आली, तर हा हात पसरून आडवा उभा.

"थांब! तुझं मागचं चाक दे मला. नाहीतरी तू शेवटचीच येणार."

घामाने थबथबलेलं त्याचं पोट आता मोकळं लोंबत होतं. शालनने तोंड फिरवलं.

"ते नव्वद किलोवालीचं आहे. सत्तरवाल्याला नाही बसायचं," ती म्हणाली आणि तिने पायडल मारलं.