मिक्सरचं भांडं

“खबरदार माझ्या मिक्सरमध्ये मेलेल्या अळ्या वाटल्यास तर!” असं बजावत सासूबाईंनी भांडंच कुलपात घातलं. पण तीन फवारण्या पचवून अळ्या हरभऱ्याचे घाटे पोखरतच होत्या. बांधालगत काही मात्र रोगानं मरून उलट्या लोंबत होत्या. सुनेनं ठरवलं, हाच रोग बाकीच्यांना लावायचा. दगडानं त्या ठेचल्या, पाण्यात कालवल्या, उन्हानं रोग मरू नये म्हणून कपड्यांची नीळ घातली आणि दिवस कलताना द्रावण शेतभर फवारलं. शेजारी पोट धरून हसले. सातव्या सकाळी शेंड्याशेंड्याला अळ्या उलट्या टांगलेल्या! “अहो आई, या लवकर!” सासूबाई आल्या, वाकून पाहिलं आणि तडक घराकडे परतल्या. सुनेचा चेहरा उतरला. पुन्हा आल्या त्या मिक्सरचं भांडं घेऊनच. “वेच पटापट! हसणारे सगळे बाटल्या घेऊन दारात उभे आहेत. दगडानं किती ठेचशील?”