सांध्याची किल्ली

“हात लावू नका हं कोणी!” जुने मास्तर काठी उगारून म्हणाले आणि सांध्याच्या दांड्याभोवती जमलेली माणसं हसत मागे सरली.

स्टेशनचा वाढदिवस होता. वेटिंगरूममध्ये कंदील, घंटा, तिकिटावर तारीख उठवायचं यंत्र, रूळ बदलायच्या जुन्या सांध्याचा दांडा असं सगळं घासूनपुसून मांडलं होतं आणि त्या सगळ्याहून जास्त चकाकत होते ते निवृत्त मास्तर. हल्ली इथे स्टेशनमास्तर एक बाई होत्या. त्यांनी गाडी पाठवून म्हाताऱ्याला मुद्दाम आणवलं होतं आणि माईकही मास्तरांच्याच हातात दिला होता. तो आता लवकर परत मिळेल अशी आशा कुणालाच नव्हती.

“हे स्टेशन माणसांसाठी नव्हतंच मुळी,” मास्तर सांगत होते. “आधी खाणीतला दगड जायचा. मग शहराला दूध जायला लागलं. माणसं सगळ्यात शेवटी आली आणि आल्या दिवसापासून तक्रारी करतायत!”

हशा पिकला. पहिल्या रांगेत मास्तरांचा मुलगा मोबाइलवर सगळं टिपत होता, शेजारी सून आणि नातवंडं. मागच्या रांगेत जुने रेल्वेवाले. त्यांच्याही मागे, भिंतीला टेकून, बाईंची आई बसली होती. या स्टेशनात पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं ठरवून ती इतकी वर्षं वळसा घालून बसने जायची. आज लेकीने हाताला धरून आणली होती. कशासाठी, ते सांगितलं नव्हतं.

“मास्तर, हा सांधा तुम्हीच बदलून दाखवा,” बाई म्हणाल्या. “तुमच्याइतकं कोणाला येतंय?”

हरभऱ्याच्या झाडावर चढायला मास्तरांना शिडी कधीच लागली नव्हती. त्यांनी दांडा ओढला, हलला नाही. मग शेजारी मांडलेली किल्ली घालून फिरवली, कुलूप सुटलं आणि दांडा खडखडत खाली आला.

“बघितलंत? असा गाडीचा रूळ बदलायचा. दांडा ओढणार सांधेवाला, पण किल्ली मास्तरची. किल्ली नाही तर सांधा नाही!”

“पण समजा, मास्तर जेवायला गेले आणि सांधेवाल्याने खुंटीवरची किल्ली परस्पर घेतली तर?” बाईंनी भाबडेपणाने विचारलं.

“खुंटीवरची?” मास्तर भडकले. “अहो, किल्ली माझ्या कमरेला असायची! जेवताना, झोपताना. बायको म्हणायची, माझ्यापेक्षा हिलाच जास्त जपता. मी माझ्या हाताने दिल्याशिवाय या स्टेशनात सांधा हललेला नाही. एकदासुद्धा नाही!”

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्यांनी मात्र हात उचलले नाहीत. एका म्हाताऱ्या गार्डने मान खाली घातली.

“माझे वडील इथे सांधेवाले होते, मास्तर,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. “दुधाची गाडी चुकीच्या रुळावर जाऊन दगड भरलेल्या वाघिणींवर आदळली, तेव्हाचे. ‘मी जेवायला गेलो होतो, किल्ली खुंटीवर होती, याने परस्पर घेतली,’ असं चौकशीत कोणी सांगितलं होतं? त्यांची नोकरी गेली. शाळेत मला किल्लीचोराची पोर म्हणायचे. वडील त्याच नावाने मेले.”

खोटं बोलणारा बोलून मोकळा होतो, विसरूनही जातो. ज्याच्यावर बालंट येतं त्याच्या घरात ते जेवायला बसतं. मास्तर बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांना त्या तोंडात दुसरंच, सांधेवाल्याचं तोंड दिसायला लागलं. बाईंना आनंद झाला. लाज वाटावी इतका झाला आणि लाज मुळीच वाटली नाही.

“बाबा, काय म्हणतायत या?” मुलाने विचारलं. मोबाइल चालूच होता.

“जुनी गोष्ट आहे रे... आता आठवत नाही.” मास्तरांनी माईक खाली ठेवला. “मला बरं वाटत नाही. घरी चला.”

तेवढ्यात मागून आई उठली. ती आता रडणार, असं बाईंना वाटलं आणि त्या सावरायला पुढे झाल्या. पण आईने लेकीचा हात बाजूला केला. भिंतीजवळची खुर्ची दोन्ही हातांनी ओढत ती सगळ्या माणसांमधून पुढे आली आणि मास्तरांच्या समोर नेऊन ठेवली. मग माईक उचलून त्यांच्या हातात दिला.

“बसा,” ती म्हणाली. “चौकशीत ह्यांना दिवसभर उभं ठेवलं होतं. तुम्ही बसून सांगा.”