पसंत न पडणारा ट्रिगर

"हाही जडच लागतोय, काका."

रायफली दुरुस्त करणाऱ्या काकांनी चौथा ट्रिगर काढून टेबलावर ठेवला. सामने तोंडावर आले होते आणि तिचं एकाही ट्रिगरशी जमेना. रायफल तिच्या वडिलांची. तेही इथेच यायचे.

"बाबांवर गेलेय मी," ती हसत म्हणाली. "शेवटच्या वर्षी त्यांनीही तुम्हाला असंच भंडावून सोडलं होतं ना? आई म्हणायची, या माणसाला देवाने स्वतः घडवलेला ट्रिगरही पसंत पडायचा नाही."

एरवी तिच्या थट्टेला सवाई उत्तर देणाऱ्या काकांनी आज तिचा जुनाच ट्रिगर परत बसवला, रायफल रिकामी असल्याची खात्री केली आणि तिच्यापुढे धरली.

"आता डाव्या हाताने दाबून बघ."

"मी काय डावखुरी आहे?"

"बघ तर खरं."

तिने डावं बोट लावलं. लागलं न लागलं तोच खट्‌कन आवाज झाला.

तिने रायफल खाली ठेवली आणि उजव्या हाताची मूठ वळून पाहिली. ती पुरती वळेना. शेवटी शेवटी बाबांना पाण्याचा पेलाही धरवत नव्हता.

"बाबांनाही तुम्ही असंच दाबायला लावलं होतं?"

काका एकेक ट्रिगर डबीत ठेवत राहिले.

"पहिल्याच खेपेला," ते म्हणाले. "नंतरचे सगळे ट्रिगर त्यांनी तुम्हां मायलेकींना दाखवण्यापुरते नेले."